तुनाय ना इना, नोंद ७ : ‘सिया’पायी २१४ ओळी उसवल्या

नव्यांसाठी : ‘तुनाय ना इना’, म्हणजे ‘खरी आई’, हा १९३९चा फिलिपिन्सचा तागालोग बोलपट. त्याच्या संवादांच्या मराठी ओळी, म्हणजे सबटायटल्स, मी लिहितोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की शेवटचं रीळ तेवढं उरलंय, दिवाळीआधी फाइल देतो. ते आता होणार नाही. ८९० ओळींपैकी २१४ ओळी मी स्वतः उसवल्या. त्यातल्या १८० पुन्हा बसवून झाल्या, ३४ अजून अडल्या आहेत. पण दोन महिने ज्या गाठीपाशी बसून होतो ती सुटली, आणि ती मराठीनेच सोडवली, म्हणून शेवटच्या रिळाची वाट न पाहता आजच लिहितोय.

झालं असं. फाइल देण्याआधी नेहमीप्रमाणे आईला दाखवायला बसवली. ‘गिलिव को’ या पटाच्या वेळी तिने ज्या ज्या ओळीला चष्मा वर केला होता ती ती ओळ खरोखरच लांब निघाली होती, त्यामुळे तिच्यासारखी परीक्षक मला दुसरी नाही. सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं. मग बाळाबद्दल मोठी माणसं बोलतात ती जागा आली आणि तिने विचारलं, ‘मुलगी झाली होय?’

मी पट थांबवला, आवाज वाढवला, तो तुकडा चार वेळा ऐकला. कुणीही मुलगी म्हटलेलं नव्हतं. ‘अनाक’ म्हणजे मूल. ‘सिया’ म्हणजे तो, ती, काहीही. मुलगी म्हटलं होतं ते मी, खालच्या ओळीत ‘तिला’ लिहून. मुलीच्या भूमिकेत तिता दुरान पुढे पडद्यावर येणार हे मला माहीत, म्हणून बोटांनी आपोआप ‘तिला’ टंकलं. १९३९ साली मनिलाच्या थिएटरात बसलेल्या माणसाला जे त्या क्षणी भाषेने सांगितलं नव्हतं, ते मी डोंबिवलीत बसलेल्या माझ्या आईला सांगून टाकलं.

त्या रात्री सगळी फाइल वरपासून खाली चाळली. सिया, निया, कानिया : तो-ती, त्याने-तिने, त्याला-तिला. तागालोगमध्ये या तिन्हींत लिंग नाही. ‘आसावा’ म्हणजे नवरा किंवा बायको. ‘कापातिद’ म्हणजे भाऊ किंवा बहीण. क्रियापदालाही लिंगाची पर्वा नाही. आणि आपल्याकडे? सर्वनाम गाळलं तरी ‘आला’, ‘आली’ लगेच चुगली करतात. बोलणारा कोणाबद्दल बोलतोय हे मूळ संवादात त्या जागी उघड होत नाही अशा २१४ ओळी निघाल्या. एका आईपासून तिचं मूल दूर केलं जातं आणि पुढे त्याची ओळख पटते, हा ज्या पटाचा कणाच आहे, तिथे हे चालवून घेणं मला शक्य नव्हतं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचेल तोच : आदरार्थी अनेकवचन. ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ यांत लिंग नाही. चाळीसेक ओळी तशा केल्या. परत पाहिलं तर शेजारपाजारचे लोक एकमेकांबद्दल पंचायतीच्या सभेत बोलावं तसं बोलू लागले होते. शिवाय ‘ते’ आणि ‘त्या’ पुन्हा वेगळे आहेतच. बायको नवऱ्याबद्दल ‘ते’ म्हणते हा संकेत आपल्या कानात इतका मुरलाय की कुठलीही बाई ‘ते’ म्हणाली की वाचणारा नवराच धरून चालतो. सगळं पुसलं.

दुसरा उपाय ‘व्यक्ती’. तो दोन ओळींतच सोडला. ‘सदर व्यक्ती’ हा पंचनाम्यातला शब्द आहे, कुणाच्या काळजातला नाही.

तिसरा उपाय म्हणजे सगळं भविष्यकाळात ढकलणं. येईल, जाईल, असेल : तृतीयपुरुषी भविष्यात मराठीला लिंग नाही हे मला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. ‘आता कुठे असेल?’ हे ‘नासाआन सिया?’ला फार सुंदर बसतं, त्यात थोडी काळजीही येते. (हा तागालोग नमुना माझा आहे, पटातला नाही. पटातले संवाद तुम्ही पाहताना ऐकालच.) या वाटेने तीसेक ओळी सुटल्या. पण घडून गेलेल्या गोष्टी भविष्यात कशा सांगणार?

बाळाच्या ओळी त्यानंतर सुटल्या, आणि त्या सुटताना मला भाषेचा खरोखर अभिमान वाटला. मूल, लेकरू, बाळ, पोर : आपल्याकडे नपुंसकलिंग आहे आणि ते थंड नाही. ‘ते रडतंय’, ‘त्याला घे’, ‘कुठे नेलं माझं लेकरू’ यात माया कमी तर होत नाहीच, उलट वाढते. ‘सिया’ जितका उघडा, तितकंच हे ‘ते’ उघडं. ६१ ओळी एका बैठकीत झाल्या. आईला पुन्हा दाखवलं तेव्हा तिने विचारलं, ‘मुलगा की मुलगी, कळलं नाही अजून.’ हेच तर हवं होतं.

उरली मोठी माणसं. इथे मी तीन आठवडे अडकलो. जुन्या सवयींबद्दलच्या ओळी, म्हणजे कोण कुणाकडे यायचं, कोण कुठे बसायचं, या सगळ्यात ‘यायचा’ की ‘यायची’ हा प्रश्न. एका संध्याकाळी आई तिच्या आजीची गोष्ट सांगत होती. तिच्या तोंडी वाक्य आलं, ‘रोज दिवेलागणीला येई, ओट्यावर बसे, दोन शब्द बोले आणि जाई.’ मी विचारलं, कोण? ती म्हणाली, ‘अरे, शेजारची काकू.’ मला तोवर काका वाटत होते.

येई, बसे, बोले, जाई. रीतिभूतकाळ! शाळेत व्याकरणाच्या तासाला घोकलेला, पुढे गोष्टीच्या पुस्तकांपुरता उरलेला. तृतीयपुरुषी एकवचनात तो पुरुषाला आणि बाईला एकच. आणि त्याचा जुना वास इथे अडचण नाही, उपयोगाचा आहे. १९३९ची तागालोग आजच्या मनिलासारखी नाही. ‘इयोन’च्या जागी ‘याओन’, ‘पेरो’च्या जागी ‘दातापुवात’ अशी ती ठेवणीतली भाषा आहे. तागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा फिलिपिन्सचे तेव्हाचे अध्यक्ष केसोन यांनी ३० डिसेंबर १९३७ला जाहीर केली, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती, आणि बोलपट ती भाषा नटवून बोलत होते. त्या बोलण्याला ‘यायचा-यायची’पेक्षा ‘येई’च शोभतं. मागच्या नोंदीत मी ‘भाषा आजचीच ठेवणार’ असं ठामपणे लिहिलं होतं. ते मत मी बदलतोय.

‘आसावा’चं उत्तरही आईनेच दिलं. मी ‘जोडीदार’ लिहिलं होतं. तिने वाचलं आणि म्हणाली, ‘असं कोण बोलतं? आपलं माणूस म्हण की.’ आपलं माणूस, घरचं माणूस. ‘आपला’ नाही, ‘आपली’ नाही, ‘आपलं’. ते माणूस बाई असो की पुरुष, वाक्याला फरक पडत नाही. नऊ ओळी तिथल्या तिथे मिटल्या.

अडलेल्या ३४ ओळींत बहुतेक ठिकाणी एकदाच घडलेली गोष्ट आहे : आला, गेला, मेला, पळाला. तिथे रीतिभूतकाळ खोटा पडतो. काही ठिकाणी नाम पुढे आणून बघतोय, म्हणजे ‘निघून जाणं झालं’ असलं काही नाही, तर ‘घर सोडलं’, ‘गाव सोडलं’. सकर्मक केलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि कर्ता झाकला जातो. ‘प्राण सोडला’ हे ‘मेला-मेली’पेक्षा चांगलंच आहे. पण दर वेळी सोडायला काही मिळत नाही.

बाकी कामाचं थोडक्यात. माझी प्रत सेकंदाला २५ फ्रेमची आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांची २४ची. ६० मिनिटांचा भाग माझ्याकडे ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो, त्यामुळे माझी फाइल तुमच्याकडे लावली तर ओळी दर मिनिटाला अडीच सेकंदांच्या आसपास चित्राच्या पुढे पळत जाणार. ओळी हाताने सरकवू नका. सबटायटल एडिटमध्ये फ्रेमदर बदलायची सोय आहे, एका झटक्यात होतं. मी दोन्ही फाइली देईन.

फाँट ‘मुक्त’च ठेवलाय, मध्यम जाडीचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेने तो खुला दिलाय आणि ओरखड्यांनी भरलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर त्याच्याइतका स्वच्छ मला दुसरा दिसला नाही. बारीक फाँट पावसासारख्या त्या रेघांत हरवतात. टीव्हीला लावायचा एक प्लेअर विकत घेतला होता, तो जोडाक्षरं फोडतो, ‘रस्ता’चं ‘रस्‌ता’ करतो. तो परत केला. आता ओळी चित्रातच भाजलेली एक प्रत आईसाठी वेगळी काढतोय.

‘मांग’बद्दल दोघांनी विचारलं होतं. तागालोगमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी जो शब्द लागतो तो देवनागरीत जसाच्या तसा लिहिला तर आपल्याकडे जातीचं नाव होऊन बसतो. तो कुठेही तसा ठेवू नका. मी सगळीकडे नावापुढे ‘काका’ केलंय, आणि बाईच्या नावाआधीच्या ‘आलिंग’ला ‘मावशी’.

हे लिहिताना दुसरी एक गोष्ट डोक्यात आली आणि ती आता सोडवत नाही. ‘पो’.

तागालोग मूल आईशीही ‘पो’ हा मान देणारा शब्द लावून बोलतं, हो म्हणायचं तर ‘ओपो’. मी सगळीकडे ‘पो’ला ‘तुम्ही’ केलं होतं, नियमाने. पण मराठी मुलगी आईला ‘तुम्ही’ म्हणाली की ती आई राहत नाही, सासू होते! ‘अहो आई’ ही हाक आपल्याकडे एकाच नात्याची आहे. ज्या पटाचं नावच ‘खरी आई’ त्यात मी शेवटी सासू-सून बोलायला लावत होतो, आणि हे मला तिसऱ्या रिळापर्यंत दिसलं नाही.

म्हणून बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, फोन केला. जुन्या मंडळींना तो माहीत आहे : जहाजावर माझ्याबरोबर होता, आता फिलिपिन्समधल्या बातांगासला घरी असतो, आणि सगळ्या खरखरीतून त्याला शब्द ऐकू येतात. तो मला अजून जहाजावरच्या हुद्द्याने ‘सेकंड’च म्हणतो. त्याला विचारलं, आईला ‘पो’ म्हणताना अंतर वाटतं का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सेकंड, आईला पो म्हणताना मी तिच्या जवळच जातो. तिचा हात कपाळाला लावतो ना, तसं.’

म्हणजे आईशी बोलतानाच्या ‘पो’चं मराठी ‘तू’ आहे. नियमाच्या नेमकं उलट.

आता बेत असा : ओळख पटण्याआधी तिता ‘तुम्ही’ म्हणेल, समोरची बाई परकी आहे म्हणून. ओळख पटल्यावर पहिल्या हाकेपासून ‘तू’. मुळात ‘पो’ आधीही आहे, नंतरही आहे, तेव्हा हा बदल माझा आहे, दिग्दर्शक सिलोस यांचा नाही. यावर मी चार दिवस घालवले. पण बोसनचं वाक्य ऐकल्यावर वाटतं की मी भर घालत नाहीये. त्या एका ‘पो’त दोन गोष्टी आहेत, परक्याचा मान आणि आईची जवळीक, आणि मराठीत त्यांना दोन शब्द आहेत. नंतरच्या साऱ्या ओळींत मिळून २३ ‘तुम्ही’ बदलायचे आहेत. आज रात्री बसतो.

यामुळे पुढचा क्रमही बदलतोय. ठरलं होतं की युद्धाआधीचा एक पट, मग युद्धातला, मग नंतरचा. युद्धातला म्हणून ‘द डॉन ऑफ फ्रीडम’ (१९४४) घेतला होता, आबे युताका आणि जेरार्दो दे लेओन यांचा. जपानी ताब्यात मनिलाचे स्टुडिओ बंद पडले, नटनट्या पोटासाठी थिएटरांतल्या रंगमंचावर गेल्या आणि कॅमेरा चालला तो असल्या प्रचारपटांसाठी. त्यात खऱ्याखुऱ्या अमेरिकन युद्धकैद्यांना उभं केलंय. पहिली दहा मिनिटं लिहून काढली आणि माझा हात पुढे जाईना. कोण मनाने बोलतोय आणि कोण बंदुकीपुढे, हे ओळीखाली कसं दाखवायचं याचं उत्तर सापडेपर्यंत तो थांबेल.

त्याआधी ‘अनाक दलिता’ (१९५६) घेतो. दिग्दर्शक लाम्बेर्तो आवेल्याना, कलाकार रोसा रोसाल आणि तोनी सान्तोस. १९४५च्या लढाईत मनिला शहरात लाखभर सामान्य माणसं मेली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा पट इन्त्रामुरोसच्या, म्हणजे मनिलाच्या जुन्या तटबंदी शहराच्या, त्याच पडक्या भिंतींत राहणाऱ्यांची गोष्ट सांगतो. त्या वर्षी हाँगकाँगच्या आशियाई महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला.

शीर्षकाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुमच्यातले निम्मे ‘दलित’ सुचवणार आहेत. मीही पहिल्या कागदावर तेच लिहिलं होतं. तागालोगमध्ये संस्कृतातून गेलेले शब्द भरपूर आहेत : मुखा, गुरो, आसा, दिवाता, आणि ‘चिंता’पासून झालेला ‘सिन्ता’, ज्याचा अर्थ तिकडे चक्क प्रेम! पण ‘दलिता’चा सख्खा भाऊ मला मलय ‘देरिता’ वाटतो, आणि तो ‘धृत’पासून आलाय, ‘दल्’पासून नाही. धृत, म्हणजे पेललेलं, सोसलेलं. आपल्या ‘दलित’ या शब्दामागे एक वेगळा इतिहास आणि एक मोठी चळवळ उभी आहे. तो शब्द इथे उसना घेणं मला बरोबर वाटत नाही.

सध्या कागदावर ‘भोगाचं लेकरू’ आहे. सोसणंही आलं, आणि ‘अनाक’चं लिंगही उघडं राहिलं. ‘भोग’ कुणाला उलट अर्थाने लागतोय का ते कळवा. ३४ ओळींची यादी वेळांसकट रविवारी टाकतो. ज्यांना कुणाला ‘मेला-मेली’ झाकणारं आणखी काही सुचेल त्यांनी ओळीचा क्रमांक लिहूनच पाठवावं, म्हणजे मला तो तुकडा लावून म्हणून बघता येईल.