तुम्ही विचारलंत म्हणून : बर्फाखाली ते मरत कसे नाहीत?

निफाडचा पारा उतरला की हा प्रश्न हमखास येतो. द्राक्षवेलींवरचं दव गोठल्याचे फोटो फोनवर फिरत असतात, बागांमधून रात्रभर शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे ठाऊक असलेलं कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आमचे मणी एका रात्रीत तडकतात. मग गोठलेल्या समुद्राखालचे तुमचे ते जीव मरत कसे नाहीत?"

थंडीनं नाहीच मरत. मी मारले होते ते गोड्या पाण्यानं.

एमएस्सीनंतर काही महिने मी गोव्यात एका प्रयोगशाळेत होते. तिथे ध्रुवीय समुद्रातले डायटम चार अंशांवर, खाऱ्या पाण्याच्या चंबूंत वाढवलेले होते. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं एकपेशीय शैवाल. डबी खरोखरच सिलिकाची, खालचा भाग आणि वर झाकण. मला स्लाइड जरा स्वच्छ हवी होती, म्हणून गाळलेल्या समुद्राच्या पाण्याऐवजी सरळ डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकला. दहा मिनिटांनी बघते तर काही डब्यांची झाकणं निघालेली आणि आतलं सोनेरी बाहेर सांडलेलं. पेशीत मीठ जास्त, बाहेर अजिबात नाही. पाणी आत घुसलं आणि पेशी फुटल्या. समुद्री बर्फाचे नमुने वितळवताना जाणकार त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी घालतात ते याचसाठी. हे मला आधी वाचूनही माहीत होतं, हे जास्त लागलं.

म्हणजे खरी गोष्ट मिठाची आहे. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठायला लागतं, पण बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. लहानपणी पिशवीतला पेप्सीकोला चोखलाय ना? रंग आणि गोडवा आधी ओढला जातो, हातात पांढरा बेचव बर्फ उरतो. तसंच. मीठ बाहेर ढकललं जातं आणि बर्फाच्या आत केसाएवढ्या बारीक नळ्यांमध्ये दाट खारं पाणी साठतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. उणे सहा अंशांना या नळ्यांतलं पाणी त्याच्या जवळजवळ तिप्पट खारं होतं. ते गोठत नाही, म्हणून त्यात राहणारेही गोठत नाहीत. काही डायटम बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं बाहेर सोडतात, शिवाय भोवती बुळबुळीत गोंद. आणि पेशीच्या पडद्यातली चरबी? थंडीत आपल्याकडे खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं. यांचे पडदे शेंगदाण्याच्या बाजूचे म्हणा ना.

या मंडळींनी बर्फाचा तळ अक्षरशः तपकिरी होतो. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स रॉस यांच्या १८३९ ते १८४३ च्या दक्षिणेकडच्या मोहिमेत जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानं असा डागाळलेला बर्फ पाहिला आणि तो रंग डायटमचा आहे हे नोंदवलं. हिवाळ्यात क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवांची, पिल्लं याच तळाला चरतात. पुढे क्रिल कोण खातं ते तुम्हाला माहीत आहे : पेंग्विन, व्हेल.

मला स्वतःला थंडीपेक्षा उजेडाचं कोडं मोठं वाटतं. बर्फ, त्यावर भुसभुशीत हिम. खाली कितीसा प्रकाश पोचणार? तरी २०११ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या वायव्येला, चुक्ची समुद्रात, मीटरभर जाड बर्फाखालचं पाणी शैवालानं हिरवंगार झालेलं सापडलं, तेही बर्फाच्या कडेपासून शंभरावर किलोमीटर आतपर्यंत. वर वितळलेल्या पाण्याची डबकी होती आणि कौलारू घरातल्या काचेच्या कौलासारखा त्यातून उजेड खाली झिरपत होता. २०२० च्या मार्चमध्ये तर आर्क्टिकच्या मध्यात बर्फाबरोबर वाहत चाललेल्या 'पोलारस्टर्न' जहाजावरच्या संशोधकांना शैवाल वाढू लागलेलं दिसलं, तेव्हा ध्रुवीय रात्र नुकती कुठे संपत होती. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की बर्फाखाली वसंतापर्यंत सामसूम. मीही काही वर्षं तसंच शिकवलं.

"पण नाशिकला बसून याचं काय?" हा जोडप्रश्न. बाई, सोमेश्वरला गोदावरीत दगडावरून पाय घसरतो ना, तो ज्या तपकिरी बुळबुळीवरून घसरतो तीत यांचीच भावकी असते. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं तसला दगड जुन्या टूथब्रशनं खरवडून आणला. सूक्ष्मदर्शकाखाली होडीच्या आकाराचे डायटम, कुणी ढकलल्यासारखे सरळ सरकणारे. तिनं मला गोव्याची गोष्ट ऐकल्यावर विचारलं, "मॅडम, यांना उलटं केलं तर?" आणि कव्हरस्लिपच्या, म्हणजे थेंबावरच्या पातळ काचेच्या, कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. होड्या थांबल्या. आतला सोनेरी भाग डबीच्या भिंतीपासून आक्रसून मधे गोळा झाला. मग टिपकागदानं मीठ ओढून घेऊन तिनं हळूहळू गंगेचंच, म्हणजे आमच्या गोदावरीचंच, पाणी सोडलं. आम्ही आळीपाळीनं डोळा लावून बसलो. चहा गार झाला.

दोन हलल्या. बाकीच्या नाही.