बरगे घातल्यावर

सरपंचांच्या खुर्चीमागं हिरवं कार्ड लावलंय. त्याचा फॉर्म माझ्या हातचा आहे.

मी आरोग्यसेवक. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण असतं. जोखीम जास्त तर लाल कार्ड, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. काही जण हे फॉर्म तालुक्याला टपरीवर बसून भरतात. मी जागेवर जातो, आणि त्याचा मला जरा ताठा होता.

पंचगंगेकाठच्या या गावात मी नवीनच बदलून आलेलो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जॅकवेल, म्हणजे गावासाठी नदीचं पाणी उपसायची विहीर, बघितली. कठडा धड, झाकण जागेवर, व्हॉल्व्हला गळती नाही, आसपास शौचखड्डा नाही. गावाचं सांडपाणी आणणारा ओढा जॅकवेलच्या खाली दीडशे पावलांवर नदीला मिळतो. खाली, म्हणजे घाण पुढं वाहून जाणार. धोका नाही, असं लिहून मोकळा झालो.

नोव्हेंबरात नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले; क्लोरीन असलं की त्यानं पाणी पिवळं होतं. पाणी पिवळं व्हायला तयार नाही. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला झापलं. "टाकलीय की साहेब पावडर, रोजच्याएवढीच!" विश्वास बसला नाही; या कामात खोटं ऐकायची सवय लागते. पण टीसीएलचं, म्हणजे त्याच पावडरीचं, पोतं उघडलं तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. पावडर जिवंत होती. म्हणजे तेवढंच क्लोरीन आता पाण्यातली घाणच खाऊन टाकत होती. दूषित पाण्यानं काळी पडणारी एच टू एसची बाटली भरून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी.

तसाच नदीवर गेलो. नदी वाहतच नव्हती. खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला मधल्या काळात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले होते आणि पाणी तुंबून काठाला लागलं होतं. धुणं धुणारी एक मावशी म्हणाली, "बरगं घातलं की पानी मागं सरतंय. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" ओढ्याच्या तोंडाशी जलपर्णीचा एक पुंजका होता. वारा वरच्या अंगाला वाहत होता. मी बसून बघत राहिलो. पाऊण तासात तो पुंजका जॅकवेलच्या भिंतीला येऊन टेकला.

पावडरीचा डोस वाढवला, पाणी उकळून प्यायची दवंडी दिली, डॉक्टरांना कळवलं. फॉर्म पुन्हा भरायला घेतला तर त्यात नदी कुठल्या महिन्यात कुठं वाहते हा रकानाच नाही. मग शेऱ्यात लिहिलं, ओळी समासात गेल्या. वरून फोन आला: "महिन्यात कार्ड बदललं तर उत्तरं कोण देणार? एप्रिलला बघू."

जुने फॉर्म काढले. गेल्या एप्रिलचा सापडला. "ओढा खालच्या बाजूस, धोका नाही." अक्षर वेगळं, वाक्य माझंच. एप्रिलमध्ये तर बरगे घातलेलेच असतात. तो गडी टपरीवर बसून लिहीत होता, की माझ्यासारखाच काठावर उभा होता, एवढं मात्र फॉर्मवरून कळत नाही.