वायर दाबल्यावर लागलं

मंगळवार, रात्र

"बघा मॅडम, वायर दाबल्यावर लागलं." लॅबचं गेलेलं नेट परत आल्यावरचं काकांचं हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. आणि मी चक्क "हो काका" म्हणाले.

वायरींचा काही संबंध नव्हता. प्रॅक्टिकलच्या आधी ब्रिजवर (लॅबला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या मशीनवर) ईबीटेबल्सचा, म्हणजे डेटाची कुठली पाकिटं जाऊ द्यायची आणि कुठली अडवायची ते ठरवणारा, नियम मीच टाकला होता. खालच्या मजल्यावरच्या कुठल्याशा राउटरची आयपीव्ही ६ ची (नव्या पद्धतीच्या पत्त्यांची) ॲडव्हर्टाइजमेंट लॅबमध्ये येते आणि मशीन भलताच पत्ता घेऊन बसतात, म्हणून फॉरवर्ड चेनमध्ये (ब्रिजमधून पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांत) लिहिलं: आयपीव्ही ४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) सोडून बाकी सगळं ड्रॉप, म्हणजे अडवायचं. लगेच पिंग करून, म्हणजे नेटवर हाक मारून, पाहिलं, उत्तर आलं.

एआरपी विसरले, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) विचारणारा प्रोटोकॉल. ०८०० ला (आयपीव्ही ४ चा क्रमांक) वाट दिली, ०८०६ ला (एआरपीचा) नाही. १९८२ पासूनचा प्रोटोकॉल, रोज मुलांना शिकवते मी! राउटरचा मॅक पत्ता मशीनच्या लक्षात होता तोवर सगळं चाललं. पुन्हा विचारायची वेळ आली की गप्प. त्यामुळे नेट एकदम गेलंच नाही. आधी खिडकीजवळचं मशीन, मग मागची रांग. एकेक हात वर होत गेला. मला ब्रिजवर लॉगिन होत होतं, म्हणून म्हणाले, वायर सैल असेल.

काका स्टुलावर चढले. तो गुडघा घेऊन. चोवीस पोर्ट, प्रत्येक क्लिप टक्क वाजेपर्यंत दाबली. इकडे ड्रॉपसमोरचा, अडवलेल्या पाकिटांचा, आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. एआरपीला सोडणारी ओळ ड्रॉपच्या वर घातली (वरच घालावी लागते, पहिला नियम जुळला की पुढचे बघितलेच जात नाहीत) आणि नेट आलं. काकांचा हात तेव्हा शेवटच्या वायरीवर होता.

नऊ वर्षं एकटीने ही लॅब ओढतेय, अडलं तर विचारायला कुणी नाही.

चुकीचं एवढं काही नाही. एआरपी कुणीही विसरेल. पण "हो काका" का म्हणाले? मुलं ऐकत होती म्हणून, की ते इतके खूश दिसले म्हणून? दुसरं कारण माझ्या सोयीचं आहे, त्यामुळेच ते खरं वाटत नाही.

सरांनी त्यांना शाबासकीही दिली. आता सांगायचं म्हणजे ती काढून घ्यायची. घ्यावी लागेल. काका रागावणार नाहीत, हसतील, आणि ते मला सोसावं लागेल, एवढंच.

उद्या चहाच्या वेळी सांगते. स्टूल अजून रॅकपाशीच आहे.