संभाव्यतेचा कोर्स व्हिडिओवर आणताना

संभाव्यता हा विषय मी बरीच वर्षं वर्गात शिकवतेय. तोच ऑनलाइन कोर्स म्हणून करायचं ठरलं, तेव्हा जो तो कॅमेरा कुठला घेणार नि लाइट कसे लावणार हेच विचारत होता. मला काळजी दुसरीच होती. वर्गात समोरच्या चेहऱ्यांवरून लगेच कळतं की कुठे गाडी अडलीय. व्हिडिओत ते चेहरेच नाहीत. म्हणजे शिकणारा कुठे अडेल, हे आधीच ओळखून ठेवायला हवं.

म्हणून शूटिंगच्या कितीतरी आधी मी कागद घेऊन बसले. प्रत्येक व्हिडिओसाठी दोनच नोंदी: हा पाहून झाल्यावर शिकणाऱ्याला काय करता आलं पाहिजे, आणि याच जागी लोकांचा हमखास होणारा गैरसमज कोणता. ‘समजलं पाहिजे’ असं लिहायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. कारण समजल्यासारखं वाटणं आणि येणं यांत फार अंतर असतं, आणि व्हिडिओ पाहताना तर ते आणखी वाढतं.

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएचडीचं काम केलं (2008). त्यात नेमकं हेच दिसलं. स्वच्छ, मुद्देसूद स्पष्टीकरणाचा व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपा वाटला, पण त्यांच्या चुकीच्या कल्पना बहुतेक तशाच राहिल्या. ज्यात दोघांच्या संवादातून आधी गैरसमज बोलून दाखवला आणि मग तो तपासला, तो व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला. शिकणं मात्र त्यातूनच जास्त झालं. हे वाचल्यावर माझ्या कोर्सची मांडणी ठरली.

उदाहरण देते. हजारात एकाला होणारा आजार आहे. चाचणी 99 टक्के अचूक, म्हणजे निरोगी माणसांतही शंभरात एकाला ती चुकून पॉझिटिव्ह येते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आजार असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळे सांगतात 99 टक्के. व्हिडिओ मी इथूनच सुरू केला. प्रश्न विचारला, 99 हे उत्तर स्वतःच मोठ्यांदा सांगितलं, ते पटण्यासारखं का आहे तेही सांगितलं, आणि तिथे व्हिडिओ आपोआप थांबतो. शिकणाऱ्यानं आपला अंदाज टाइप केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मग स्क्रीनवर ठिपके येतात. 40 रकाने, 25 ओळी, एकूण हजार माणसं. एक ठिपका आजारी. उरलेल्या 999 मधल्या साधारण दहा जणांना चाचणी चुकून पॉझिटिव्ह येते, ते ठिपके मी एकेक करून रंगवते. रंगवताना बोलत नाही. एडिटिंग करणाऱ्या सहकाऱ्याला ती शांतता खटकली, तिथे संगीत घालू या म्हणाला. मी ठाम नकार दिला. तेवढ्या वेळात बघणारा मनात मोजत असतो, ते काम त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. शेवटी अकरा रंगीत ठिपके उरतात आणि त्यांत खरा आजारी एकच. अकरात एक, म्हणजे सुमारे 9 टक्के.

आजाऱ्यासाठी लाल आणि चुकून पॉझिटिव्ह आलेल्यांसाठी हिरवा, असा पहिला विचार होता. पण लाल-हिरव्यातला फरक बऱ्याच जणांना दिसत नाही. म्हणून आजारी ठिपक्याभोवती कडं काढलं. आता रंग नसतानाही तो ओळखू येतो.

लांबीबद्दल सगळीकडे ‘सहा मिनिटांचा नियम’ ऐकायला मिळतो. त्यामागे फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांचा 2014 चा अभ्यास आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसमधली व्हिडिओ पाहण्याची 69 लाख सत्रं त्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही मोठा असो, निदान निम्मे लोक फार तर सहा मिनिटं टिकत होते. पण हा आकडा लोक किती वेळ बघतात त्याचा आहे, किती शिकतात त्याचा नव्हे. मी नियम एवढाच ठेवला: एका व्हिडिओत एकच प्रश्न. काही व्हिडिओ त्यामुळे लांबले, ते मी लांबू दिले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली: नुसत्या स्लाइडपेक्षा टॅब्लेटवर हातानं लिहीत शिकवलेले व्हिडिओ लोक जास्त वेळ पाहतात.

मध्येच प्रश्न विचारण्याला भक्कम आधार आहे. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी 2013 मध्ये 21 मिनिटांच्या व्हिडिओ व्याख्यानाचे चार भाग केले. प्रत्येक भागानंतर ज्यांची छोटी चाचणी झाली त्यांचं लक्ष कमी भरकटलं, त्यांनी नोट्स जास्त काढल्या आणि शेवटच्या परीक्षेतही ते सरस ठरले.

स्क्रीनवर मी जे बोलते तेच वाक्य लिहायचं नाही, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून उचललं. चित्र, त्यावरचं बोलणं आणि तेच शब्द पुन्हा लिहिलेले, हे सगळं एकदम आलं की लक्ष विभागतं. सबटायटल मात्र द्यायचीच, ज्याला हवीत त्यानं चालू करावीत. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलमध्ये आकडे आणि पारिभाषिक शब्द हमखास चुकतात, म्हणून ती ओळ न् ओळ हातानं तपासली. कंटाळवाणं काम आहे, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा कोर्स त्या ओळींवरच उभा असतो.

माइक आणि आवाजाबद्दल थोडक्यात: चित्र जरा धूसर असलं तरी चालतं, घुमणारा आवाज चालत नाही. माइक तोंडाजवळ आणि खोलीत जाड पडदे, एवढ्यानं माझं भागलं.

कच्चा व्हिडिओ तयार झाल्यावर ओळखीतल्या एका मुलीला तो मोबाइलवर बघायला दिला आणि मी गप्प शेजारी बसले. ती कुठे मागे जाते एवढंच टिपत होते. ती पुन्हा पुन्हा एकाच जागी मागे गेली: ‘आता फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांकडे बघा’ या वाक्याशी. मग लक्षात आलं, हजारांतून अकरांवर उडी तिथेच आहे, म्हणजे छेदच बदलतोय आणि स्क्रीनवर काहीच बदलत नाहीये. आता त्या वाक्याबरोबर उरलेले 989 ठिपके फिके होतात, आणि ‘हजारापैकी’ खोडून त्या जागी ‘अकरापैकी’ येतं. तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड केला.

सध्या पुढच्या व्हिडिओचा कागद समोर आहे. गैरसमजाच्या रकान्यात लिहिलंय: सलग पाच वेळा छापा पडला, आता काटा पडायलाच हवा.