इथे काय गरीब कमी पडले होते?

"समाजसेवाच करायची होती, तर एवढं कर्ज काढून ऑस्ट्रेलियाला कशाला? इथे काय गरीब कमी पडले होते?" लग्नाच्या पंगतीत, ठाण्यात गोखले रोडवर भाजी घेताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. राग येत नाही, कारण बाहेरून ते तसंच दिसतं. पोरगी लाखो रुपये भरून परदेशी जाते आणि तिथे म्हाताऱ्यांच्या घरी फुकट काम करते! परवा चरईतल्या एका गृहस्थांनी तर थेट मुद्द्यालाच हात घातला. त्यांची लेक यंदा, मी केलं तसंच, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स करायला मेलबर्नला निघालीय. "ताई, ती इंटर्नशिप म्हणजे नुसतं राबवून घेणं तर नाही ना?" काका, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

राबवून घेणं हे अर्धं खरं आहे. दोन वर्षांच्या त्या कोर्समध्ये किमान १००० तास प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करत शिकणं, करावं लागतं, तेही किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी. तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या व्यावसायिक संघटनेचा तो दंडक आहे, विद्यापीठाला तो आपल्या मर्जीने मोडता येत नाही. पगार शून्य, आणि त्या तासांची फी आपणच भरायची. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना सध्या पंधरवड्याला ४८ तास नोकरी करता येते. कोर्सचा भाग असलेलं प्लेसमेंट त्यात धरत नाहीत. ऐकायला सवलत वाटते, पण प्रत्यक्षात आठवडाभर बिनपगारी काम आणि शनिवार-रविवार सुपरमार्केटच्या काउंटरवर, असा तो हिशोब असतो. जुलै २०२५ पासून तिथल्या सरकारने नर्सिंग, शिक्षण आणि समाजकार्याच्या गरजू विद्यार्थ्यांना प्लेसमेंटपुरता भत्ता सुरू केलाय. बाहेरून आलेल्यांना तो नाही.

आता उरलेलं अर्धं.

माझं पहिलं प्लेसमेंट वृद्धांना स्वतःच्या घरीच राहता यावं म्हणून मदत ठरवणाऱ्या संस्थेत होतं. एकदा आम्ही एका ग्रीक आजींकडे गेलो. मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती मोठी आहे. पन्नास-साठ वर्षं तिथे राहूनही ज्यांचं इंग्रजी बेताचंच राहिलं, अशा त्या पिढीतल्या या आजी. नातू शेजारीच बसलेला, दोन्ही भाषा फाडफाड बोलणारा. तरी माझ्या सुपरवायझरने फोन लावून सरकारी दुभाषी घेतला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. मला ते जरा आगाऊपणाचंच वाटलं. घरचा माणूस असताना परका कशाला?

स्वयंपाक? करते. औषधं? घेते. आंघोळ? करते. नातू माना डोलावत होता. थोड्या वेळाने तो गाडी हलवायला खाली गेला, तशा आजी फोनकडे वाकून भराभर काहीतरी बोलल्या. दुभाष्याने सांगितलं, "त्या म्हणतात, टबची कड ओलांडायची भीती वाटते म्हणून बेसिनपाशी उभं राहून ओल्या फडक्याने अंग पुसते. नातवाला सांगू नका, तो मला वृद्धाश्रमात टाकेल."

हे नातवाच्या तोंडून कधी बाहेर आलं असतं का?

परतताना गाडीत सुपरवायझरने आजींबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने मला विचारलं, "ती गप्प झाली तेव्हा तू लगेच पुढचा प्रश्न का विचारलास? गप्प बसणं तुला जड गेलं का?" हे असं दर आठवड्याला चालायचं. प्लेसमेंटच्या दर ३५ तासांमागे किमान दीड तास अनुभवी समाजकार्यकर्त्याने विद्यार्थ्यासोबत बसायचं, असा नियमच आहे. दार बंद करून ती माझ्या भेटींच्या नोंदी ओळीने वाचायची. जिच्याबद्दल लिहितेस ती बाई स्वतःची नोंद कधीही वाचायला मागू शकते, हे धरून लिही, म्हणायची.

आपल्याकडे फील्डवर्क नाही असं मुळीच नाही. १९३६ साली सुरू झालेली टाटा इन्स्टिट्यूट आपल्या देवनारलाच आहे, आणि तिथली मुलं पहिल्या वर्षापासून वस्त्यांमध्ये जातात. फरक पडतो तो नोकरी लागल्यावर. किती भेटी झाल्या, किती लाभार्थी झाले, फोटो आहेत का, एवढंच बहुतेक ठिकाणी विचारतात. भेटीत तू काय केलंस, हे विचारायला कुणालाच वेळ नसतो. कर्ज फेडून मी जे विकत घेतलं असेल ते एवढंच, की आपलं काम दुसऱ्याला उलगडून दाखवायची सवय लागली. आता आम्ही दोघी-तिघी सहकारी महिन्यातून एकदा बसून एकमेकींच्या नोंदी वाचतो.

माझं सध्याचं काम नौपाड्यातल्या जुन्या, बिनलिफ्टच्या बिल्डिंगींमधल्या ज्येष्ठांमध्ये आहे. दार मुलगा किंवा सून उघडते. "आईला काय विचारताय, मी सांगतो ना." दुभाष्याची गरज नाही, पण अडचण तीच. मग मी म्हणते, "काकू, चहा टाकताय का? मी येते आत." ओट्यापाशी, चहाला उकळी येईपर्यंत सगळं कळतं. एक काकू दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. रात्री संडासला उठावं लागलं तर गुडघे धरतात, आणि सुनेला हाक मारायचा संकोच. घरी कुणालाच पत्ता नव्हता. डॉक्टरांना वाटत होतं उन्हाचा त्रास होतोय.

तिथला घरभेटीतल्या प्रश्नांचा फॉर्म जसाच्या तसा इथे चालत नाही. त्यात रिडेव्हलपमेंटबद्दल प्रश्नच नव्हता! इथे म्हातारपण तोलून धरतात ते शेजारी: किल्ली समोरच्या वहिनींकडे, औषध खालच्या मजल्यावरच्या मुलाकडून. बिल्डिंग पाडायला घेतली की तीन-चार वर्षांसाठी कुणी कळव्याला, कुणी घोडबंदरला भाड्याने जातं. बिल्डर भाडं देतो, पण जुने शेजारी आणून देत नाही. म्हणून "किल्ली कुणाकडे असते, आणि ते कुठे राहायला जाणार?" हा माझा पहिला प्रश्न झालाय.

तेव्हा काका, लेकीला पाठवा. पण निघण्याआधी विद्यापीठाला विचारून घ्या, प्लेसमेंट ते शोधून देतात की तिने शोधायचं. गाडीचं लायसन लागेल का, तेही विचारा, घरभेटींच्या कामाला बऱ्याच ठिकाणी मागतात. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद वेळेत करा, त्याशिवाय पहिल्या दिवशी कुणी आत घेत नाही. आणि फोन ठेवता ठेवता तुम्ही पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीचं विचारलंत, ते मात्र एजंटलाच विचारा. मी परत आलेली बाई, माझ्याकडे त्याचं उत्तर कुठून असणार?