डावा हात

मायच्या मनगटावरचा डाग आज पिवळट व्हायला लागला. परवा रात्री जांभळा होता. चार बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

येष्टीतून उतरवताना झालं. पायरी उंच, मागून लोकांचा रेटा, माझ्या उजव्या हातात ढेपेची थैली, डाव्यात तिचं मनगट. "अरे हळू बाप्पा, हात हाय माहा, कासरा नाही," एवढंच म्हणाली. हसलीसुद्धा. मग घरापर्यंत पऱ्हाटीचंच बोलत आली, की धुऱ्याकडची बोंडं फुटून राहिली अन् वेचाले बाया भेटत नाहीत. रात्री दिव्याखाली डाग दिसला. "थ्या गोळ्यायनं होते," म्हणाली. गोळ्यांनी होत असेलही. पण बोटं माझी होती.

दोन महिन्यांपासून रोज जेवणं झाल्यावर मी एकच गोष्ट शिकून राहिलो, हात हलका ठेवायची. म्हणून हे जास्त लागलं.

किल्लीवाचून कुलूप उघडायचा छंद आहे मला. कुलूप पितळी आहे, पाच पिनांचं, माझंच, कुठल्याही दाराला कधी न लागलेलं. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही हा या छंदाचा पहिला नियम, आणि मी तो पाळतो. मागच्या खोलीच्या कुलपाकडे तर मी पाहतही नाही. त्याची किल्ली दादाकडे आहे. ते राहू दे.

जुन्या वायपरच्या रबरातून निघालेली पोलादी पट्टी वाकवून घेतली आहे. ती डाव्या हातात, सळई उजव्या. किल्ली जिथे जाते त्या गोल गाभ्यावर पट्टीने किंचित ताण द्यायचा. पाचही पिनांची भोकं एका रेषेत पाडल्यासारखी वाटतात, पण नसतात. केसापेक्षा बारीक फरक राहतो आणि त्या फरकामुळेच कुलूप किल्लीवाचून उघडता येतं. कारण ताण दिला की पाचांतली एकच पिन आधी अडते. तीच उचलायची. पिन दोन तुकड्यांची असते, एकावर एक; त्यांचा सांधा गाभ्याच्या कडेशी आला की बारीक टक् होतं, गाभा कणभर फिरतो, आणि मग दुसरी अडते. ताण जास्त झाला तर दोन-तीन पिना एकदम आवळल्या जातात, अडलेली कोणती ते बोटाला कळत नाही, आणि जोराने रेटली की पिनेचा खालचा तुकडा कडेच्या वर जाऊन तिथेच रुततो. मग ताण सोडावाच लागतो. सोडला की बसलेल्या सगळ्या पिना खाली, पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मी नख पांढरं पडेपर्यंत दाबायचो. मग पट्टीच्या टोकाला दोरा बांधून तागडीतली वजनं टांगून पाहिली. 200 ग्रॅमला सगळं जाम. 50 ग्रॅमला बसलेल्या पिना निसटत. 100 ग्रॅमला उघडलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं बरं वाटलं. वाटलं, माप सापडलं. आता हाताला तेवढं शिकवलं की झालं.

आणि त्याच हाताने परवा.

काल दिवसभर मनात हेच. वेचताना पण. माय वेचते तेव्हा बोंडातला कापूस आपणहून सुटल्यासारखा तिच्या बोटांत येतो. माझ्या ओट्यात पत्ती असते, कवडी असते, नेहमीच. बाबांनी मला डवऱ्यावर फार वेळ कधी ठेवलं नाही. "तू वढतं लय, बैलं बावरते," म्हणायचे आणि कासरा काढून घ्यायचे. दादाच्या हातून मात्र कधी काढून घेतला नाही. काही माणसांचा हातच जड असतो, आपण त्यातले, असं धरून मी काल निजलो. कुलूप घेतलंच नाही.

निजल्यानिजल्या चबचं कुलूप आठवत होतं. जेरेमाया चब या इंग्रजाने ते 1818 साली केलं. किल्लीवाचून चाळवताना आतली एखादी पट्टी गरजेपेक्षा वर उचलली गेली, तर ती तशीच अडकून राहायची. मालक किल्ली घालायचा तेव्हा त्याला कळायचं, कोणाचा तरी हात पडला होता. 1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने तेही उघडलं. त्यानंतर ब्रामा या दुसऱ्या इंग्रजाच्या कुलपावर 51 तास घालवले, 16 दिवसांत मिळून. त्या माणसाच्या डाव्या हाताचा मी किती विचार केला आहे! पण काल डोळ्यांसमोर ती अडकलेली पट्टीच येत होती. मायच्या मनगटानेही तसंच धरून ठेवलं होतं सगळं.

आज दुसरं कुलूप घेतलं. त्यात दोऱ्याच्या रिळासारखी, मधे बारीक असलेली एक पिन आहे. तिच्यामुळे गाभा अर्धवट फिरतो आणि उघडल्यासारखं वाटतं. तिला वर रेटलं की गाभा उलटा यायला बघतो, आणि ताण देणाऱ्या हाताने त्याला तेवढं येऊ द्यावं लागतं. वजन टांगून केलं तर वजन गव्हाच्या दाण्याएवढं वर उचललं गेलं, पिन बसली, वजन खाली आलं. हाताने केलं तर नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मी कुलूप सोडून नुसता डाव्या हाताकडे बघत राहिलो. उजवा सळई रेटायचा, आणि त्याच क्षणी डावा आवळायचा. मी न सांगता. उजवा थांबला की डावाही सैल.

येष्टीच्या दारात ढेपेची थैली दांडीला अडकली होती. मी ती हिसकली होती.

बाबा आठवले. डवऱ्याची पास काळ्या मातीत रुतवायला उजव्या हाताने रुमण्यावर अंगाचा सगळा भार टाकायचे, आणि डाव्या हातातला कासरा तेव्हाही झोळ पडलेला. एवढी वर्षं पाहिलं मी. मला वाटायचं त्यांचा डावा हात हलका आहे. उजव्याचा भार ते डाव्यात जाऊ देत नव्हते, हे आज कळलं. बैलं विकली तेव्हा तो कासरा कुठे गेला, विचारायला हवं. कोणाला विचारू.

बरं वाटलं का? थोडं. हात जड आहे म्हणून बसून राहण्यापेक्षा हे बरं. एका हाताचं दुसऱ्याला कळू न देणं शिकता येत असेल. वेळ लागेल. मी चाळिशी ओलांडली आहे, पण रात्री मोकळ्या आहेत.

मायला सांगितलं सगळं, थैली, सळई, उजवा, डावा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग थैली पह्यले खाली ठेवाले काय झालं होतं?"

सोमवारी पुन्हा यवतमाळला जायचं आहे. ढेप नंतर आणीन.

आज नऊ वेळा करून पाहिलं. पाचदा डावा आवळला, चारदा नाही.