गाथा आर्येत उतरवताना : पाच गाथांची नोंद

हालाच्या गाथासप्तशतीतल्या, म्हणजे प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या कवितांच्या जुन्या संग्रहातल्या, प्रेमाच्या गाथा मराठीत आणायच्या, आणि त्याही मूळच्याच वृत्तात, म्हणजे आर्येत, असं हे काम आहे. ज्यांना प्राकृत वाचायची गोडी आहे किंवा आर्या लिहायचा हात बसवायचा आहे, त्यांच्यासाठी आतापर्यंत काय जमलं आणि काय अडलं ते इथे मांडतो. गाथेतली बाई किंवा बुवा प्रेमाबद्दल बोलत नाहीत. ते काहीतरी करतात, किंवा भलतंच काही दाखवतात. भाषांतर फसतं ते बहुतेक वेळा अर्थ सांगून टाकल्यामुळे. वृत्त चुकणं हे त्यानंतरचं कारण.

आधी क्रमांकांचं. हा संग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे आणि सात शतकांत, म्हणजे शंभर-शंभर गाथांच्या भागांत, विभागलेला आहे, पण हस्तलिखितांच्या परंपरा एकमेकींशी जुळत नाहीत. जर्मन अभ्यासक वेबरच्या 1881 च्या आवृत्तीत सगळ्या परंपरा मिळून 964 गाथा आहेत. सगळीकडे समान अशा सुमारे 430 च. म्हणून क्रमांक नेहमी शतक आणि गाथा असा द्यावा (3.8 म्हणजे तिसऱ्या शतकातली आठवी) आणि सोबत पहिले दोन शब्द लिहावेत, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीतही गाथा सापडते.

वृत्ताचा हिशेब असा : पहिली ओळ 12 + 18 म्हणजे 30 मात्रा, दुसरी 12 + 15 म्हणजे 27. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार-चार मात्रांचे गण पाडायचे. 1, 3, 5, 7 या विषम जागी लगाल (लघू-गुरू-लघू, म्हणजे जगण) चालत नाही. पहिल्या ओळीत सहावा गण लगाल किंवा चार लघू असाच हवा, दुसऱ्या ओळीत सहाव्या जागी एकच लघू. ओळीचं शेवटचं अक्षर गुरू धरायचं. दुसऱ्या ओळीतला तो एकटा लघू हाच आर्येचा ठसका आहे. गीती या आर्येच्या जवळच्या वृत्ताच्या दोन्ही ओळी 30 च्या असतात, आणि मराठी कानाला ती सवय असेल तर दुसरी ओळ नकळत तीन मात्रांनी लांबते. लिहिताना समोर सहाव्या जागेवर खूण करून ठेवलेली बरी.

प्राकृत मोजताना एक गोष्ट सतत नडते, ती म्हणजे अनुस्वार आणि चंद्रबिंदू. 3.8 च्या दुसऱ्या ओळीत ‘रेहाहिँ’ आहे. काही ठिकाणी ते ‘रेहाहिं’ छापलेलं मिळतं, मग हिं गुरू होतो आणि ओळ 28 ची भरते. ओळ एका मात्रेने जास्त आली की आधी हे टिंब तपासा, कवीला दोष नंतर द्या. मराठीच्या बाजूला ‘तिच्या’, ‘कुण्या’ यांतल्या ति, कु वर आघात येत नाही, तेव्हा ते लघूच. ‘केलं’, ‘झालं’ यांतला शेवटचा लं मात्र गुरू धरावा.

3.8 पूर्ण झाली आहे. मूळ :

अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति गणरीए ।
पढम व्विअ दिअहद्धे कुड्डो रेहाहिँ चित्तलिओ ॥

नवरा गावाला गेलाय. दिवस मोजायला ती भिंतीवर रेघा ओढते आहे. ‘आज गेला’ म्हणून एक रेघ, पुन्हा ‘आज गेला’ म्हणून दुसरी. पहिल्या दिवसाचा अर्धा भागही सरला नाही तोच भिंत रेघांनी भरली. विरह, व्याकूळ, अश्रू यांपैकी एकही शब्द नाही. रचनाही पाहण्यासारखी आहे : ‘अज्जं’ तिन्ही वेळा विषम जागी पडतो आणि ‘गओ त्ति’ हा लगाल 2, 4, 6 अशा सम जागी. जिथे लगाल चालतो तिथेच तो येतो, आणि जिथे सक्तीचा आहे तिथेही बरोबर बसतो.

मराठीत सहज सुचतं ते ‘आजच गेला, आजच गेला, आजच गेला’. मात्रा जुळतात, तरी ओळ मोडते, कारण सहाव्या जागी ‘गेला’ हे दोन गुरू येतात. लगाल वजनाचा शब्द हवा होता, तो ‘निघून’ मध्ये मिळाला :

आजच निघून, आजच निघून, आजच निघून गेला तो
दिवस न अर्धा सरला, रेघांनी भिंत भरली की

पहिली ओळ आजच / निघून / आजच // निघून / आजच / निघून / गेला / तो. बाराव्या मात्रेचा विसावा मुळातल्याप्रमाणेच दुसऱ्या ‘आजच’ नंतर पडला, हे विशेष समाधानाचं. दुसरीत रेघां / नी भिं / त / भरली / की, आणि सहाव्या जागी एकटा ‘त’. ‘तो’ आणि ‘की’ भरतीचे आहेत. ‘की’ बोलण्यातला आहे म्हणून खपतो. ‘तो’ ला पर्याय मिळाला तर बदलायचा. ‘गणरीए’ म्हणजे मोजणारी गळाली, पण भिंतीवरच्या रेघा कुणीतरी ओढल्याच असणार, त्यामुळे ती फारशी जाणवत नाही.

3.34 म्हणजे ‘जस्स जहिं विअ’. प्रेयसीचं वर्णन कसं करावं याचा हा सर्वांत चांगला धडा वाटतो. तिच्या अंगावर ज्याची नजर जिथे पहिल्यांदा पडली तिथेच ती खिळली. सगळं अंग कुणी पाहिलंच नाही. डोळे, केस, चाल यांपैकी कशाचंही नाव नाही. इथे ‘सुंदर’, ‘लावण्य’, ‘चंद्रमुखी’ असं काहीही घातलं की गाथा संपली, कारण कवीने एक अवयव सांगितला असता तर त्याचीही नजर तिथेच अडकली असती. दुसरी ओळ बसली :

तेथेच राहिली ती. अवघी कोणास दिसली ना

पहिलीचा आजचा खर्डा ‘जेथे ज्याची पडली दृष्टी पहिली तिच्याच अंगावर’. शेवटचा र गुरू धरला तर ओळ एका मात्रेने जास्त भरते. शिवाय ‘तिच्याच’ मधला च केवळ सहावा गण लगाल करण्यासाठी आला आहे आणि तो अर्थ वाकवतो. दुसऱ्या कुणाच्या अंगाचा प्रश्नच नव्हता. ओळ म्हणून ही अजून मान्य नाही.

1.4 मुद्दाम गद्यातच ठेवली आहे. ‘उअ णिच्चलणिप्पंदा’ : बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल शोभते आहे, स्वच्छ पाचूच्या ताटात ठेवलेल्या शंखाच्या शिंपलीसारखी. एवढंच. मम्मटाने काव्यप्रकाश या आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हिचा उलगडा केला आहे : बगळी हलत नाही म्हणजे तिला भीती नाही, म्हणजे इथे माणूस फिरकत नाही, म्हणजे भेटायला ही जागा योग्य आहे. तोच दुसरा अर्थही देतो : खोटं बोलतोस, तू इथे आलाच नव्हतास. दोन्ही अर्थ उघडे राहायला हवेत. ‘बघ ना रे’ केलं की लाडिक होऊन पहिला अर्थ पक्का होतो. ‘बघ की’ केलं की भांडण दिसतं. नुसतं ‘बघ’ ठेवावं. टीका वाचायची ती पहिला खर्डा झाल्यावरच. गंगाधर या जुन्या टीकाकाराची टीका कोण कुणाला म्हणतंय ते आधीच सांगते, आणि एकदा ते डोक्यात बसलं की भाषांतरात झिरपतंच.

2.61 आता हातात आहे. वाटसरू वर डोळे करून, बोटं फाकवून, रेंगाळत पाणी पितोय. जसजसं तो हे करतो तसतशी पाणपोईवरची मुलगी आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. सगळा जीव ‘जह जह’ आणि ‘तह तह’ यांत आहे, आणि ते दोन्ही पूर्ण गण आहेत, चार-चार लघूंचे. मराठी ‘जसजसा’, ‘तसतशी’ पाच मात्रांचे, त्यामुळे गण फुटतो. ‘जों जों’, ‘तों तों’ चार मात्रांत बसतात, पण भाषा जुनी होते आणि शेजारच्या शब्दांनाही तोच पोत द्यावा लागतो. ‘पाणपोई’ शेजारी ‘जों जों’ सध्या तरी विजोड दिसतं. ‘दोघं एकमेकांवर भाळले’ असा खुलासा कुठल्याही खर्ड्यात येऊ द्यायचा नाही. फाकलेली बोटं आणि बारीक धार, दोन्ही हव्यात. एक जरी गळली तरी उरतं ते नुसतं पाणी पिणं.

त्यानंतर 3.49, ‘अज्ज मए गन्तव्वं’. आज दाट अंधारातही त्याच्याकडे जायचं म्हणून ती डोळे मिटून घरातल्या घरात पावलं टाकून बघते. ‘पअपरिवाडिं’ ला ‘सराव’ हा शब्द नेमका आहे, फक्त तो लगाल आहे, तेव्हा दुसऱ्या ओळीत दुसऱ्या किंवा चौथ्या जागीच बसेल. कुणाला आधी हात घालायचा असेल तर तिथून सुरुवात करा.